चुनखडीच्या रानात जिवाणूंचं काम

आमचं रान सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यात. माती काळी, भारी आणि चुनखडीची. माती परीक्षणाच्या कागदावर सामू (pH) आठच्या वर. अशा रानात सुपर फॉस्फेट कितीही टाका, त्यातला बराच स्फुरद (फॉस्फरस) चुन्याला धरून बसतो, वांग्याच्या मुळ्यांना मिळतच नाही. म्हणून मी पीएसबी, म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू, वापरते. हे जिवाणू सेंद्रिय आम्लं सोडतात आणि मुळ्यांजवळचा अडकलेला स्फुरद थोडाथोडा सुटा करतात. थोडाथोडाच बरं का! 'आता खत बंद करा ताई' म्हणणाऱ्या दुकानदाराचं मी ऐकत नाही.

जोडीला अ‍ॅझोटोबॅक्टर. हाही जिवाणूच; तो हवेतला नत्र (नायट्रोजन) धरतो, शिवाय मुळ्या वाढवणारी संप्रेरकं सोडतो. वांगी-मिरचीला रायझोबियमचं पाकीट घेऊन काही उपयोग नाही, ते तूर-हरभऱ्याचं काम.

लागणीच्या दिवशी घमेल्यात गुळाचं पाणी करायचं, त्यात पीएसबी आणि अ‍ॅझोटोबॅक्टर ही दोन्ही पाकिटं कालवायची. लिग्नाइटची भुकटी असते, बोटं कोळशासारखी काळी होतात. रोपांच्या जुड्या त्या काल्यात पंधरा-वीस मिनिटं मुळ्यांपुरत्या बुडवून ठेवायच्या आणि सावलीतून थेट सरीवर न्यायच्या. आमचे मामा, म्हणजे सासरे, घमेल्यात वाकून बघत म्हणाले, "जित्राब हाय म्हणतीस, मग हलत का न्हाई?" मी म्हटलं, "मामा, दह्यातलं तरी कुठं हलताना दिसतंय?" त्यावर हसले, पण पुढच्या जुड्या त्यांनीच बुडवल्या.

सोलापुरात खरा घोळ उन्हाचा. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 वर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये युरियाच्या पोत्यावर पडलेल्या पाकिटात मग जिवंत काय राहणार? मी उत्पादनाची तारीख बघून ताजं पाकीट घेते आणि लागणीपर्यंत घरात, माठाच्या तिवईखाली ठेवते. लागण ऊन उतरल्यावर, ओल्या सरीत. शेणखत आधीच पडलेलं हवं, कारण सेंद्रिय कर्ब नसेल तर हे जिवाणू खाणार काय?

बियाणं असेल तर 10 किलोला 250 ग्रॅम जिवाणूंची भुकटी. बुरशीनाशक चोळायचं असेल तर ते आधी, ते वाळल्यावर सगळ्यात शेवटी जिवाणू. आणि ताम्रयुक्त (तांबं असलेल्या) बुरशीनाशकाची आळवणी, म्हणजे मुळाशी ओतणं, त्याच आठवड्यात करू नका, नाहीतर पाकिटाचे पैसे पाण्यात.