गोव्याचं विमान घेताय? आधी मोपा की दाबोळी ते बघा

‘पुणे-गोवा, तासाभराचं काम’ असं ज्याने मला सांगितलं, त्याला मडगावला जायचं नव्हतं. आम्हाला होतं. फातर्प्याला कुलदेवीचं दर्शन, मुक्काम मडगावात. तिकिटावर ‘गोवा’ दिसलं आणि पैसे भरून मोकळे झालो. खाली बारीक अक्षरात ‘मोपा’ होतं, ते घरात कुणीच वाचलं नाही. मीही नाही.

गोव्यात विमानतळ दोन. जुना दाबोळी, वास्कोजवळ, नौदलाच्या तळावर. तिथून मडगाव पंचवीसेक किमी. नवा मोपा, पेडणे तालुक्यात, अगदी महाराष्ट्राच्या हद्दीजवळ, जानेवारी २०२३ पासून सुरू. तिथून मडगाव साठच्या वर. पुण्याचा विमानतळ लोहगावला; लोहगाव आणि मोपा जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत, त्यामुळे विमान नाकासमोर दक्षिणेला जातं. सरळ अंतर साधारण ३२० किमी. दाबोळी त्याच्याही खाली ३५-४० किमी. हवेत वाचलेली ती पाच मिनिटं आम्ही रस्त्यावर व्याजासकट फेडली.

हवेत असतो पाऊण तास. बाकीचा हिशेब ऐका: कोथरूडहून साडेअकराला निघालो, नगर रोड पार करून लोहगावला पोचलो, विमान अडीचचं. बॅगा हातात आल्या चारला. मडगावात सात वाजले. साडेसात तास! स्वतःची गाडी काढून आंबोलीमार्गे आलो असतो तर दोन-अडीच तास जास्त लागले असते, पण वाटेत कोल्हापूरला जेवण तरी झालं असतं.

टॅक्सीचं तर विचारूच नका. ओला-उबरच्या भरवशावर गोव्यात उतरू नका. बाहेर एकाने गाठून जो आकडा सांगितला, तो माझ्या तिकिटापेक्षा मोठा होता. आत प्रीपेड काउंटरवर तीच फेरी जवळजवळ हजाराने कमी. तेव्हा दाराबाहेर पडण्याआधी पावती फाडा. एकटे-दुकटे असाल आणि वेळ असेल तर कदंबची, म्हणजे गोव्याच्या एसटीची, बस बघा. पणजीला उतरून पुढे मडगावची दुसरी बस मिळते. आणि वाटेत पणजीच्या अलीकडे पर्वरी! तिथे उड्डाणपुलाचं काम चालू होतं, पाऊण तास एका जागी. म्हणजे जेवढं उडालो तेवढंच तिथे बसलो.

दर्शन छान झालं, दोन दिवस मजेत गेले.

तिकीट काढताना कोड बघा: जीओएक्स म्हणजे मोपा, जीओआय म्हणजे दाबोळी. सावंतवाडी, शिरोडा, वेंगुर्ला, हरमल असं काही असेल तर मोपा सोयीचं. मडगाव, कोलवा, काणकोण असेल तर दाबोळीचं विमान मिळत असेल तरच उडा. नाहीतर गोवा एक्सप्रेस, थेट मडगावात उतरवते.

परतीला आम्ही तीच पकडली. दूधसागर दिसला, झोपही झाली. पहाटे पुणे स्टेशनवर उतरलो तर रिक्षावाला कोथरूडला मीटरने येईना. हे मात्र तिकिटावर बारीक अक्षरातही लिहिलेलं नव्हतं.