थॉमसन, पान 31 ते 190

मी प्रूफं तपासते, बहुतेक विज्ञानाच्या पुस्तकांची. गेल्या वर्षी शास्त्रज्ञांवरचं एक पुस्तक होतं, सकाळी छपाईच्या प्लेट काढायला जाणार होतं, आणि संध्याकाळी सहाला मी सहज मागची व्यक्तिसूची उघडली तर त्यात 'थॉमसन' नावाची एकच नोंद आणि पुढे पान नंबरांची ही लांब रांग. पान 31 ला हा गृहस्थ 1798 मध्ये सांगतोय की तोफेला भोक पाडताना उष्णता घर्षणातून येते, 58 ला 1848 मध्ये निरपेक्ष तापमानाची मोजपट्टी मांडतोय, 112 ला 1897 मध्ये इलेक्ट्रॉन शोधतोय आणि 190 ला 1969 मध्ये बेल लॅब्जमध्ये बसून युनिक्स ही कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय. पावणेदोनशे वर्षं ड्युटीवर!

डीटीपीवाल्या दादाला फोन लावला. "ताई, थॉमसनमध्ये कुठे प होता कुठे नव्हता, मला वाटलं चुकून झालंय, म्हणून फाइंड-रिप्लेस मारून सगळं सारखं केलं." आता याला काय बोलणार, बोलताना तो प ऐकूसुद्धा येत नाही, दोन्हींचा अर्थ थॉमसचा मुलगा एवढाच. पण तोफवाला बेंजामिन, म्हणजे काउंट रम्फर्ड, आणि युनिक्सवाला केन हे थॉम्पसन, आणि तापमानवाला विल्यम मात्र बिनपचा. हाच पुढे लॉर्ड केल्विन झाला. केल्विन हे ग्लासगोतल्या नदीचं नाव, त्यावरून ही पदवी, त्यामुळे सूचीत तो 'केल्विन' म्हणून वेगळाही बसला होता, एकाच माणसाच्या दोन नोंदी.

खरी गंमत पान 112 आणि 115 ला होती. जे. जे. थॉमसन, तोच आपल्या शाळेतला, अणूत इलेक्ट्रॉन कलिंगडातल्या बियांसारखे असतात म्हणणारा, त्याने इलेक्ट्रॉन हा कण आहे हे दाखवलं, 1906 चं नोबेल त्याचं, आणि त्याच्या मुलाने, जी. पी. ने, तोच इलेक्ट्रॉन लाटेसारखा वागतो हे दाखवून 1937 चं अर्धं नोबेल घेतलं. सूचीत बापलेक एक झाल्यामुळे एकच माणूस तीन पानांत स्वतःलाच खोडून काढत होता.

रात्री साडेदहापर्यंत एकेक पान उघडून प परत बसवले, नावं फोडली. एका ओळीच्या पाच ओळी झाल्या आणि सूची पुढच्या पानावर गेली, म्हणजे 16 पानांचा फर्मा, एकत्र छापायचा पानांचा गठ्ठा, फुटला. शेवटी प्रकाशकांना उठवून त्यांच्या आगामी पुस्तकांची जाहिरात गाळायला लावली, अजून कुरकुरतात.