डबलरखालचे ओरखडे

सी-चेकला, म्हणजे दर काही वर्षांनी होणाऱ्या मोठ्या तपासणीला, आलेल्या त्या जुन्या विमानाच्या शेपटीखाली, पोटाच्या स्किनवर, म्हणजे बाहेरच्या पत्र्यावर, जेवायच्या पाटाएवढा एक डबलर होता: दुरुस्तीसाठी वरून रिव्हेटनी बसवलेला जादा पत्रा. आधीच्या मालकाच्या काळात शेपूट धावपट्टीला घासलेली. कागदावर दुरुस्ती ‘कायमची’, सही-शिक्का जागेवर. मला खटकली ती दोन रिव्हेटच्या मागे ओढली गेलेली काळपट रेघ. रिव्हेट जागेवर हलायला लागला की धातूची बारीक पूड सुटते आणि वाऱ्याने मागे पसरते. विमान धुतलं की खूण गेली, त्यामुळे तपासणी धुण्याआधीच करावी.

वरून हाय फ्रिक्वेन्सी एडी करंटचा, म्हणजे विजेच्या प्रवाहाने धातूतली चीर शोधणारा, प्रोब फिरवला तर तो वरच्याच पत्र्याचं सांगतो. डबलर उतरवणं भाग होतं. प्लॅनिंगवाल्यांनी लगेच वाया जाणारे दिवस मोजले. त्यांना तेवढंच दिसतं.

रिव्हेटचं डोकं फक्त त्याच्या उंचीइतकंच ड्रिल करायचं, पंचने उडवायचं, मग दांडा ठोकून काढायचा. ड्रिल घसरलं तर भोक लंबगोल होतं. फटी बुजवणारं सीलंट प्लास्टिकच्या स्क्रेपरनेच काढायचं, कारण स्टीलचा एक ओरखडासुद्धा पुढे चिरेचं मूळ ठरतो.

खाली धावपट्टीचे मूळ ओरखडे जसेच्या तसे होते, सीलंटने भरलेले. नियम असा की ओरखडे घासून पूर्ण घालवायचे, पत्रा मर्यादेपेक्षा पातळ झाला तर तेवढा भाग कापायचा आणि मगच डबलर. इथे नुसतं झाकलं होतं. एका ओरखड्याच्या टोकाला प्रोबचा सिग्नल उसळला. 4 मिलिमीटरची चीर.

हाँगकाँगला 1980 साली चायना एअरलाइन्सच्या बोइंग 747ची शेपूट अशीच घासली होती. ओरखडे तसेच ठेवून वर डबलर बसवला. 25 मे 2002 रोजी ते विमान तैवानच्या सामुद्रधुनीवर हवेतच तुटलं, 225 जण गेले. आधीच्या तपासणीच्या फोटोंत डबलरच्या कडेला तपकिरी डाग दिसत होते. आतली, सिगारेटच्या धुराची हवा तिथून झिरपत होती.

उंचीवर केबिनचा दाब स्किनच्या दर चौरस मीटरला साधारण साडेपाच टन रेटा देतो. प्रत्येक उड्डाणात एकदा ताण, एकदा सैल. म्हणून या कामात तासांपेक्षा उड्डाणं मोजायची. डबलर जितका धडधाकट, तितकी खालची चीर बाहेरून दिसेनाशी होते, हे डोक्यातून जात नाही.

त्याच विमानावर आणखी चार डबलर आहेत. दोनांच्या कागदावर तोच शिक्का आहे. त्यांच्यामागे काळी रेघ नाही. तेही उघडा, असं मी लिहून दिलं आहे.