क्वेकर म्हणजे ओट्सवाले नव्हेत

मी इंग्लंडात कोर्ट इंटरप्रिटर आहे, मराठी-हिंदी करते. कामात अर्धा वेळ नुसतं वाट बघणंच असतं. त्या दिवशी आपल्या एका मराठी काकांची गाडी ठोकल्याची केस होती आणि साक्षीदार कोण तर एक इंग्लिश आजी. इथे साक्षीला उभं राहिलं की शपथ कशावर घेणार विचारतात, बायबल, गीता, कुराण सगळं ठेवलेलं असतं, मला इंटरप्रिटर म्हणूनही घ्यावी लागते. आजी शांतपणे म्हणाल्या, शपथ नको, नुसतं अफर्म करते, म्हणजे देवाची शपथ न घेता खरं सांगेन असं गांभीर्याने म्हणते, मी क्वेकर आहे.

आता क्वेकर हा एक ख्रिस्ती पंथ, पण नाव ऐकलं की माझ्या डोळ्यापुढे क्वेकर ओट्सच्या डब्यावरचा तो टोपीवाला! साक्ष संपल्यावर बाहेर कॉफी मशीनपाशी भेटल्या, केसबद्दल बोलायचं नसतं म्हणून हेच विचारलं, तर आजी हसल्या, म्हणे ओट्सवाल्यांचा आमचा काही संबंध नाही, प्रामाणिक माणसाचं नाव म्हणून त्यांनी ते उचललं. आणि पुढे म्हणाल्या, हे नाव आम्हाला कोर्टातच पडलं, तेही इथून फार लांब नाही, डर्बीला.

१६५० साली जॉर्ज फॉक्स नावाच्या २६ वर्षांच्या पोराला, म्हणजे या पंथाच्या संस्थापकालाच, देवनिंदेच्या आरोपाखाली तिथे उभं केलं. तो उलट जज बेनेटलाच म्हणाला, देवाच्या शब्दापुढे थरथर कापा. बेनेटने खिल्ली उडवली, हे बघा क्वेकर, म्हणजे थरथरणारे! असं फॉक्सने स्वतःच लिहून ठेवलंय. प्रार्थनेत काहीजण खरंच कापायचे म्हणून नाव पडलं असंही सांगतात. फॉक्स जवळपास वर्षभर डर्बीच्या तुरुंगात होता. त्यांचं खरं नाव फ्रेंड्स, पण चिडवायला दिलेलं तेच चिकटलं आणि त्यांनीही ते वागवलं.

जज लोकांना त्यांचा राग यायला कारणंही होती म्हणा, हे कोर्टात टोपी काढायचे नाहीत, मोठ्या माणसालाही 'दाऊ' (thou, जुन्या इंग्रजीतलं 'तू') म्हणायचे म्हणजे आपल्याकडे कलेक्टरला अरे-तुरे केल्यासारखं, आणि शपथ तर अजिबात नाही कारण शपथेवर खरं बोलायचं म्हणजे एरवी खोटं चालतं असा अर्थ होतो, बायबलमध्येच सांगितलंय हो ला हो म्हणा, नाही ला नाही. मला हे फार पटलं. त्यापायी माणसं तुरुंगात गेली, १६९०च्या दशकात त्यांच्यासाठी अफर्म करायची सोय झाली पण क्रिमिनल केसमध्ये साक्ष द्यायला १८२८ उजाडलं. आपले आमदार 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो' म्हणतात ना, त्याच जातीचं.

तेवढ्यात काका आले, हळूच म्हणतात, अहो मॅडम, त्या बाईंनी शपथच नाही घेतली, मग खोटं बोलल्या तर? म्हटलं काका, शिक्षा तेवढीच होते. आणि तुमच्याच बाजूने बोलल्यात त्या, लक्ष कुठे होतं तुमचं?