हानोमागच्या ट्रकला ‘एच’ नंबर मिळवताना

माझ्याकडचा ट्रक हानोमाग या जर्मन कंपनीचा, एल 28 मॉडेल, 1953 सालचा. जर्मनीत जुन्या गाड्यांना मिळणारा ‘एच’ नंबर त्याला मिळवला, त्याची ही गोष्ट. 2.8 लिटरचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, ताकद पन्नास अश्वशक्ती. हॅनोव्हरजवळच्या एका शेतकऱ्याच्या कोठारात तो कित्येक वर्षं उभा होता. घेतल्याचं कळवल्यावर आईचा फोनवर पहिला प्रश्न आला, “आता त्याचं काय लोणचं घालणार आहेस?” बाबांनी मात्र इंजिनाचा आवाज ऐकव म्हणून हट्ट धरला.

हानोमाग हे नाव मी पुण्यात असताना ऐकलंही नव्हतं, पण तिच्या घराण्यातली गाडी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. हॅम्बुर्गची टेम्पो कंपनी पुढे हानोमागच्या ताब्यात गेली, आणि त्याच टेम्पोशी हातमिळवणी करून 1958 मध्ये आपली बजाज टेम्पो उभी राहिली. मूळ हानोमाग मात्र वाफेच्या इंजिनांची. गेओर्ग एगेस्टॉर्फने 1835 मध्ये हॅनोव्हरला लागून असलेल्या लिंडेनला कारखाना काढला, 1846 मध्ये पहिलं रेल्वे इंजिन बाहेर पडलं आणि नंतर दहा हजारांच्या वर इंजिनं बनली. मंदीत हा धंदा बसला. 1931 मध्ये रेल्वे इंजिनांचं काम कासेलच्या हेन्शेलकडे गेलं आणि इथे उरले ट्रॅक्टर, मोटारी, मालवाहू गाड्या.

माझा जीव खरं तर हानोमागच्याच एसएस 100 वर जडला होता. हा रस्त्यावर ट्रेलर ओढणारा ट्रॅक्टर: लांब बॉनेट, साडेआठ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, शंभर अश्वशक्ती. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचे व्ही-2 अग्निबाण ओढायला तो वापरला गेला आणि युद्धानंतर जत्रेवाल्यांनी आपले पाळणे आणि गाडे ओढायला तो जुंपला. पण त्याची किंमत ऐकली आणि मुकाट्याने एल 28 वर आलो.

आता नंबराचं. जर्मनीत तीस वर्षांहून जुनी, चांगल्या स्थितीतली आणि बहुतांशी मूळ रूपातली गाडी असेल आणि परीक्षकाने ती तपासून मान्य केली तर नंबरप्लेटच्या शेवटी ‘एच’ (‘हिस्टोरिश’, म्हणजे ऐतिहासिक) मिळतो. 1997 पासून ही सोय आहे. रस्ताकर ठरावीक लागतो आणि जुनं डिझेल असूनही शहरातल्या प्रदूषण-नियंत्रित भागात जाता येतं. ‘एच’ नसेल तर सत्तर वर्षांच्या डिझेलला अशा भागात कोणी दारात उभं करत नाही.

पहिली अडचण कागदांची. ट्रकचं मूळ पुस्तक, म्हणजे आपल्याकडचं आरसी बुक समजा, कोठारातच कुठेतरी उंदरांच्या तावडीत गेलं असावं. गाडी रस्त्यावरून उतरवून इतका काळ गेला की सरकारी नोंदही शिल्लक नव्हती. शेतकरी सत्तरीतला, सज्जन. त्याने विक्रीचा करार नीट लिहून दिला आणि गाडी वडिलांच्या वेळेपासून घरात असल्याचंही वेगळं लिहून दिलं. ती कागदपत्रं घेऊन फ्लेन्सबुर्गच्या केंद्रीय वाहन कार्यालयाकडे अर्ज गेला. गाडी चोरीची म्हणून कुठे नोंदलेली नाही, असा दाखला तिथून आणावा लागतो. तो येईपर्यंत पुढचं काही हलत नाही. घाई असलेल्याने या फंदात पडू नये.

दुसरी अडचण: हा एल 28 च आहे हे सिद्ध कोण करणार? कोणत्या मॉडेलला किती वजन, कोणते टायर, कोणते ब्रेक, हे सांगणारा मूळ तांत्रिक कागद लागतो. तो हानोमागप्रेमींच्या क्लबातल्या एका आजोबांकडे निघाला. तारुण्यात ते लिंडेनच्या कारखान्यातच कामाला होते. त्यांनी छायाप्रत दिली आणि सोबत दम भरला, “रंग लावू नका. परीक्षक वापराच्या खुणांना नाही म्हणत नाही, नवलाईला मात्र शंभर प्रश्न विचारतो.” मी रंगाऱ्याकडून दरपत्रक आणलं होतं. ते तसंच कपाटात गेलं आणि माझे बरेच पैसे वाचले.

पासिंगच्या दिवशी सकाळी थंडी होती. या इंजिनाला हीटर प्लग आहेत: खटका ओढायचा, डॅशबोर्डवरची छोटी तार लालबुंद होईपर्यंत थांबायचं आणि मगच स्टार्टर फिरवायचा. परीक्षक शेजारी उभा राहून त्या तारेकडेच बघत होता. इंजिन धडधडलं, निळसर धुराचा एक लोट सुटला, आणि तो चक्क हसला.

मग मात्र तो कामाला लागला. चेसिसच्या लांब पट्टीवर ठोकलेला नंबर गंज आणि ग्रीसखाली गेला होता. त्याने तारेच्या ब्रशने जागा घासली, वर आडवा खडू फिरवला, तसे पांढऱ्यात एकेक आकडे काळे उमटू लागले. कागदाशी ते जुळले तेव्हा मी श्वास सोडला. ब्रेक तपासायच्या रोलरवर मागची दोन्ही चाकं जवळपास सारखी धरली. हायड्रॉलिक ब्रेकचे सिलिंडर नि लायनर आधीच बदलून घेतल्याचा फायदा झाला. सीट बेल्टबद्दल विचारलंच नाही. त्या काळी ट्रकला ते नसतच.

अडलं ते हौद्यावर. कोणीतरी मधल्या काळात फाळके आणि तळ प्लायवूडचे केले होते. मूळचे लाकडी फळ्यांचे होते आणि प्लाय हा त्या काळाचा बदल मानता येत नाही, असं त्याचं म्हणणं. गाडी नवीन असतानाच्या पहिल्या दहा वर्षांत झालेला, किंवा होऊ शकला असता असा बदल चालतो. नंतरचा सहसा नाही. मागचे इंडिकेटर नंतरचे असूनही सुरक्षेचा भाग म्हणून त्याने मान्य केले. यातला तर्क मला पटला. सुतार शोधून पाइनच्या फळ्या बसवल्या. जुन्या बिजागऱ्या आणि खिट्ट्या साफ करून त्याच वापरल्या, कारण तशा नव्या कुठे मिळतच नाहीत. फेरतपासणीत त्याने फाळका दोनदा पाडून उघडून पाहिला आणि सही केली.

विम्यासाठी किंमत ठरवणारा अहवाल वेगळा लागतो, आणि रोजच्या वापराला दुसरी गाडी आहे असं दाखवावं लागतं. तेवढं सोपं होतं. नोंदणी कार्यालयातल्या बाईंनी विचारलं, नंबर काय हवा? हॅनोव्हरच्या गाड्यांना सुरुवातीलाच ‘एच’ असतो, त्यामुळे माझ्या प्लेटला दोन्ही टोकांना तेच अक्षर आहे आणि मध्ये 53. कराची नोटीस नंतर टपालाने आली: वर्षाला 191 युरो 73 सेंट.