बजेट स्कोप लॉग: ३-९×४० का घेतला आणि झिरो करताना काय दिसलं

स्कोप (रायफलवरची नेमाची दुर्बीण; ३-९×४० म्हणजे ३ ते ९ पट मोठं दाखवणारा, पुढचं भिंग ४० मिमीचं) ठरला, बसला आणि झिरोही झाला, म्हणजे नेम आणि गोळी एका जागी आले, म्हणून आता सगळं एकत्र लिहितोय. रायफल .२२ एलआर (छोटं, कमी ताकदीचं काडतूस) बोल्ट ॲक्शन, म्हणजे दर गोळीला हाताने खिट्टी ओढायची. बहुतेक शूटिंग ५० मीटरला कागदावर, थोडं बेंचवरून थोडं पडून, आणि जिथे हंगाम आणि परवाना दोन्ही असेल तिथे हीच रायफल छोट्या शिकारीलाही जाणार. म्हणजे एकाच स्कोपकडून दोन कामं हवीत आणि पैसे मोजके, त्यामुळे काहीतरी सोडावं लागणार हे पहिल्यापासून माहीत होतं, प्रश्न एवढाच होता की सोडायचं काय.

मी मॅग्निफिकेशन सोडलं. त्याच पैशात ६-२४×५० पण मिळत होता आणि बॉक्सवर आकडा भारी दिसतो, पण दोन्ही शेजारी ठेवून एकाच झाडाच्या सालीकडे बघितलं तेव्हा फरक लगेच कळला. मोठा स्कोप १६ च्या पुढे गेला की चित्र दुधाळ व्हायला लागतं, कडा पसरतात, आणि डोकं जरा हललं की काळी सावली येते. कारण साधं आहे, भिंगाचा व्यास भागिले मॅग्निफिकेशन म्हणजे डोळ्यापर्यंत येणाऱ्या उजेडाच्या झोताची जाडी, यालाच एक्झिट प्यूपिल म्हणतात. ५० भागिले २४ म्हणजे जेमतेम २ मिमी. ४० भागिले ९ म्हणजे ४.४ मिमी, आणि तोच स्कोप ५ वर आणला की ८ मिमी, म्हणजे संध्याकाळी आपली बाहुली ५ ते ७ मिमी उघडते तेव्हाही पुरून उरतं. शिवाय उन्हात तापलेल्या जमिनीवरून बघताना जास्त मॅग्निफिकेशनला टार्गेट पाण्यात असल्यासारखं हलतं, तिथे २४ असून उपयोग काय, शेवटी खालीच आणावं लागतं.

आणि शिकारीच्या बाजूने बघितलं तर वरच्या आकड्यापेक्षा खालचा आकडा महत्त्वाचा. ३ वर १०० मीटरला साधारण १० ते ११ मीटर रुंदीचा भाग दिसतो, ६ वर त्याच्या निम्मा. ३० मीटरवरच्या झुडपाकडे रायफल वर केली की ६ वर दीड-पावणेदोन मीटरचाच तुकडा दिसतो, त्यात नुसती पानं, आणि ससा नेमका कुठल्या पानामागे होता हे शोधण्यातच वेळ जातो. ३ वर तो पहिल्याच नजरेत सापडतो.

आता पॅरॅलॅक्स. माझ्या मते स्वस्त स्कोप घेताना सगळ्यात आधी हेच बघायला हवं आणि नेमकं हेच बहुतेक जण शेवटी बघतात. टार्गेटची प्रतिमा आणि रेटिकल (स्कोपमधल्या नेमाच्या रेघा, म्हणजेच क्रॉसहेअर) एका पातळीत नसले की डोळा जरा बाजूला गेला तरी क्रॉसहेअर टार्गेटवर सरकताना दिसतो, रायफल जागच्या जागी असूनसुद्धा. साधे स्कोप एका अंतराला कारखान्यातच सेट केलेले असतात. मोठ्या काडतुसांच्या सेंटरफायर रायफलसाठीचे बहुधा १०० यार्डला, रिमफायरसाठीचे, म्हणजे .२२ सारख्यांसाठीचे, ५० किंवा ६० यार्डला. .२२ वर सेंटरफायरवाला लावला तर किती फरक पडेल त्याचा हिशोब सोपा आहे: भिंगाचा व्यास गुणिले दोन अंतरांतला फरक, भागिले सेट केलेल्या अंतराची दुप्पट. ४० मिमीचं भिंग, स्कोप १०० मीटरला सेट, टार्गेट ५० मीटरला, म्हणजे ४० गुणिले ५० भागिले २००, उत्तर १० मिमी. डोळा पार कडेला गेला तर चूक १० मिमीपर्यंत जाऊ शकते. आता ५० मीटर रायफलच्या आंतरराष्ट्रीय टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिमी व्यासाचं असतं, म्हणजे त्याच्या मधोमध धरलेला नेम नुसत्या डोळ्याच्या जागेमुळे दहाच्या बाहेर जाऊ शकतो. रोज गाल दस्त्यावर हुबेहूब तिथेच टेकत असेल तर एवढं होणार नाही, पण बेंचवरून उठून पडून शूट केलं की गालाची जागा बदलतेच ना.

म्हणून पुढच्या भिंगाच्या कडेला फिरणारी रिंग असलेला, एओवाला घेतला, म्हणजे पॅरॅलॅक्स अंतराप्रमाणे जुळवता येतो. त्या रिंगवरच्या आकड्यांवर मात्र जाऊ नका. माझ्या स्कोपवर ५० मीटरला चित्र खरं जुळतं ते छापलेल्या ५० च्या बरंच पुढे. रायफल वाळूच्या पिशव्यांवर घट्ट ठेवायची, हात लावायचा नाही, डोकं हळू वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवायचं, आणि क्रॉसहेअर टार्गेटवर थिजल्यासारखा राहीपर्यंत रिंग फिरवायची. तिथे मी पांढऱ्या रंगाची बारीक रेघ मारली आहे, २५ साठी एक आणि ५० साठी एक. हे करायच्या आधी डोळ्याकडची रिंग जुळवून घ्या, मोकळ्या आभाळाकडे (सूर्य सोडून!) किंवा पांढऱ्या भिंतीकडे रोखून क्षणभर बघायचं, रेटिकल लगेच काळंभोर दिसलं पाहिजे. जास्त वेळ बघत बसलं तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि चुकीची सेटिंग पण बरोबर वाटते.

कोटिंगबद्दल थोडक्यात. कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के उजेड परत फिरतो आणि स्कोपमध्ये असे पृष्ठभाग बरेच असतात, त्यामुळे फुली मल्टिकोटेड लिहिलेलं असेल तरच घ्या, नुसतं कोटेड म्हणजे एखाद्या पृष्ठभागावर एक थर एवढाच अर्थ निघू शकतो. ३० मिमीच्या नळीत उजेड जास्त येतो असं बरेच जण सांगतात, तसं नसतं, तिचा खरा फायदा आतल्या यंत्रणेला सरकायला जागा जास्त मिळते हा. ५०-१०० मीटरला एक इंची नळी पुरते.

रेटिकल साधं ड्युप्लेक्स, बाहेर जाड आणि मध्यभागी बारीक रेघा. ल्यूपोल्डने १९६२ साली हे आणलं आणि अजून टिकून आहे, कारण अंधुक उजेडात जाड रेघा नजर आपोआप मध्यावर नेतात. फर्स्ट फोकल प्लेन मी मुद्दाम टाळला, त्यात झूमबरोबर रेटिकल पण लहान-मोठं होतं, लांब पल्ल्याच्या खुणा वाचायला ते चांगलं, पण ३ वर झाडीत रेटिकल केसासारखं बारीक होतं आणि शिकारीला तेच मॅग्निफिकेशन लागतं. टरेटवर, म्हणजे नेम सरकवायच्या गोल बटणांवर, टोपण असलेलाच घ्या, खांद्यावर रायफल असताना घासून क्लिक (बटणाचे एकेक टप्पे) फिरायला नकोत.

बसवताना घाई केली नाही. रायफलवर ११ मिमीचं डोव्हटेल (स्कोपच्या रिंग पकडायची खाच) आहे, त्यामुळे पिकाटिनीच्या, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या रुंद पट्टीच्या, रिंग चालत नाहीत, हे रिंग मागवायच्या आधी बघून ठेवा. उंची अशी की पुढचं भिंग रायफलच्या नळीला टेकणार नाही पण गालही दस्त्यावरून उचलावा लागणार नाही. डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, उघडल्यावर पूर्ण गोल चित्र दिसलं पाहिजे, नाही दिसलं तर स्कोप पुढे-मागे. हे सगळ्यात मोठ्या मॅग्निफिकेशनवर करा, तिथेच डोळ्याचं अंतर सगळ्यात काटेकोर असतं. उभी रेघ सरळ करायला ५० मीटरवर दोरीला वजन बांधून ओळंबा टांगला, ॲक्शनवर छोटी स्पिरिट लेव्हल ठेवून रायफल सरळ केली आणि मग रेघ दोरीवर आणली. रिंगचे स्क्रू आलटूनपालटून, थोडे थोडे, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवत, आणि शेवटचा पीळ टॉर्क रेंचने रिंगबरोबर आलेल्या कागदावर जेवढा लिहिलाय तेवढाच. जास्त आवळलं की स्कोपची पातळ नळी चेपते आणि आतली यंत्रणा अडकते.

झिरो २५ मीटरपासून सुरू केला. बोल्ट काढून, चेंबर रिकामं आहे हे बघून नळीतून टार्गेटचा काळा गोल मधोमध आणला आणि रायफल न हलवता क्रॉसहेअर त्यावर आणला. पहिला ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या काही गोळ्या) कागदावरच पडला, साडेपाच सेंटीमीटर खाली आणि दोनेक सेंटीमीटर उजवीकडे. पाव एमओएची (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक म्हणजे २५ ला १.८ मिमी, ५० ला ३.६. म्हणून वर ३० आणि डावीकडे ११ क्लिक, आणि पुढचा ग्रुप काळ्यात. मग ५० ला जाऊन बारीकसारीक.

आणि मग बॉक्स टेस्ट, स्वस्त स्कोप खरा की खोटा हे इथे कळतं. नेम कायम एकाच ठिपक्यावर, ग्रुप मारला की २० क्लिक वर, ग्रुप, २० उजवीकडे, ग्रुप, २० खाली, ग्रुप, २० डावीकडे आणि शेवटचा ग्रुप पहिल्यावर बसला पाहिजे. ५० मीटरला २० क्लिक म्हणजे साधारण ७३ मिमी. माझा चौकोन ७० ते ७१ चा भरला, म्हणजे क्लिक सांगितल्यापेक्षा थोडी लहान आहे, पण सगळीकडे सारखीच लहान आहे आणि शेवटचा ग्रुप पहिल्या भोकांत जाऊन बसला! मला याचा खरंच खूप आनंद झाला, कारण लहान क्लिक लक्षात ठेवून चालवता येते, परत न येणारी नाही. एक गोष्ट मात्र दिसली, डावीकडे फिरवल्यावर पहिली गोळी थोडी उजवीकडेच राहिली आणि पुढच्या जागेवर गेल्या. आतली स्प्रिंग बसायला एक हिसका लागतो. उपाय जुना आणि चांगला आहे, हव्या जागेच्या दोन-तीन क्लिक पलीकडे जायचं आणि स्क्रू ज्या दिशेला स्प्रिंगला दाबतो त्या दिशेने परत यायचं. तसं केल्यापासून पहिली गोळीही जागेवर.

संध्याकाळचं पण बघून ठेवलंय. सूर्य मावळल्यावर अर्धा तास ५ वर ठेवून झाडीच्या कडेला बांधलेला करडा पुठ्ठा स्पष्ट दिसत होता, ९ वर मात्र तो मागच्या झाडीत मिसळायला लागला होता. त्यानंतर नुसत्या डोळ्यांनाच मागे काय आहे ते दिसत नाही, तेव्हा स्कोपने दिसतंय म्हणून गोळी चालवायची नाही. शोधायला दुर्बीण वेगळी ठेवा, स्कोपने इकडेतिकडे बघत बसणं म्हणजे जिकडे बघाल तिकडे नळी रोखणं.

स्प्रिंगवाल्या एअर रायफलवर हाच स्कोप लावायचा विचार कुणाचा असेल तर आधी एअरगन रेटेड आहे का ते विचारा. तिचा झटका आधी मागे आणि मग जोरात पुढे असा दुहेरी असतो, आणि मोठ्या काडतुसाचा झटका सोसणारे स्कोपसुद्धा त्याने निकामी होतात.

आता १०० मीटर बाकी आहे. ५० ला झिरो असलेली स्टँडर्ड व्हेलॉसिटीची .२२ तिथे साधारण वीतभर खाली पडते, ते क्लिकने भरून काढायचं की ड्युप्लेक्सच्या जाड रेघेच्या टोकाचा आधार घ्यायचा ते कागदावर बघून ठरवणार आहे. सेकंड फोकल प्लेन असल्यामुळे, म्हणजे झूम केलं तरी रेटिकल तेवढंच राहत असल्यामुळे, ते टोक प्रत्येक मॅग्निफिकेशनला वेगळ्या जागी पडेल, म्हणून ती चाचणी ९ वरच घेणार. कुणी ड्युप्लेक्सवर असं करून बघितलं असेल तर मॅग्निफिकेशन आणि काडतूस दोन्ही लिहून आकडे द्या.