लिंबाच्या रसापासून कार्बन डॉट्स: भट्टीपेक्षा डायलिसिसकडे लक्ष द्या

लिंबाचा रस तापवला की यूव्ही दिव्याखाली निळसर काहीतरी चमकतंच. ती चमक कार्बन डॉट्सची, म्हणजे 10 नॅनोमीटरच्या आतल्या कार्बनच्या कणांची आहे हे दाखवणं, खरं काम तिथे आहे.

10 मिली रस आधी नीट गाळा. गर राहिला तर तोच जळून काळा गाळ वाढवतो. त्यात 20 मिली डिस्टिल्ड पाणी घालून 50 मिलीच्या टेफ्लॉन अस्तराच्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सोसणाऱ्या घट्ट बंद भांड्यात) भरून ओव्हनमध्ये ठेवायचं आहे. भांडं दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका: तापल्यावर पाणी फुगतं, आणि 180 अंशांना नुसत्या वाफेचाच दाब 10 बारच्या आसपास जातो. 180 अंश सेल्सिअसला 6 तास ठेवा. नंतर ओव्हन बंद करून रात्रभर हात लावू नका. नळाखाली धरून गार करायची घाई तर नकोच.

उघडल्यावर तपकिरी द्रव मिळतो, तळाशी काळा गाळ. 10,000 आरपीएमवर 15 मिनिटं सेंट्रिफ्यूज करून (वेगाने फिरवून गाळ तळाशी बसवून) वरचा द्रव 0.22 मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून काढा. बरेच जण इथेच थांबतात आणि फसतात. सायट्रिक ॲसिड आणि अमाइन्स एकत्र तापले की चमकणारे साधे रेणूही तयार होतात, आणि ते या फिल्टरमधून आरामात निसटतात. म्हणून 1 किलोडाल्टनच्या (साधारण त्याहून हलके रेणूच बाहेर सोडणाऱ्या) पिशवीत भरून ती पाण्यात बुडवून ठेवा, म्हणजेच 24 ते 48 तास डायलिसिस करा, पाणी बदलत राहा. काढलेलं पाणी मोरीत ओतण्याआधी दिव्याखाली धरून बघा. पिशवीपेक्षा तेच जास्त चमकत असेल, तर तुमचा बहुतेक फ्लुरोसन्स (ती चमक) साध्या रेणूंचा होता. न तापवलेला रसही याच सगळ्या पायऱ्यांतून न्या. तुलनेला तो हवाच. आकार मात्र टीईएमशिवाय (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाशिवाय) ठरत नाही.

चमकेचा वर्णपट मोजताना द्रव गडद ठेवलात तर तो स्वतःचाच प्रकाश गिळतो आणि आलेखातलं शिखर लालकडे सरकलेलं दिसतं. उत्तेजनाच्या (ज्या प्रकाशाने चमकवता त्याच्या) तरंगलांबीला शोषण 0.1 च्या खाली येईपर्यंत पातळ करा. 350 नॅनोमीटरने उत्तेजित केल्यावर 397 च्या आसपास दिसणारं बारीक टोक पाण्याच्या रामन विकिरणाचं (पाण्याने विखुरलेल्या प्रकाशाचं) असतं, म्हणून नुसत्या पाण्याचा आलेख आधी काढा. क्वांटम यील्डसाठी (शोषलेल्या प्रकाशापैकी किती भाग चमकून परत येतो ते मोजण्यासाठी) तुलनेला 0.1 मोलार सल्फ्युरिक ॲसिडमधलं क्विनीन सल्फेट घ्या, त्याचं मूल्य 0.54.

रसाऐवजी हिरव्या पानांचा अर्क घेतलात आणि 670-680 नॅनोमीटरला लाल शिखर आलं, तर लाल डॉट्स मिळाले म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. आधी क्लोरोफिलचा संशय घ्या.